लंडनला घर कुठं बघायचं? आधी मिसेसना विचारा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे वाचक नाशिकच्या इंदिरानगरला राहतात, वय ३९, आयटीत आहेत. कंपनी लंडनला बदली करतेय, ऑगस्टच्या मध्याला निघायचंय. ऑफिस कॅनरी वॉर्फला, आठवड्यातून तीन दिवस जावं लागेल. सोबत पत्नी, नुकतीच १० वर्षांची झालेली पाचवीतली मुलगी आणि एप्रिलमध्ये ४ वर्षांचा झालेला मुलगा. आई ६८ वर्षांच्या, गुडघ्याचा त्रास आहे, त्या नंतर सहा महिने राहायला येणार. भाड्याचं बजेट महिना २००० पौंड, पहिला महिना कंपनी सर्व्हिस अपार्टमेंट देतेय. मित्र म्हणतो हॅरोलाच ये, सगळं आपलं मिळतं. ऑफिसमधला सहकारी म्हणतो लंडनबाहेर स्लावला राहा, तिकडं ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा आहेत. आतेभाऊ म्हणतो भारतीय वस्तीत राहायचं तर लंडनला जाता कशाला, सर्बिटन बघा. यांनी एक्सेल शीट करून प्रत्येक भागाला भाडं, प्रवास, शाळेचं ऑफस्टेड (तिथली शाळा तपासणारी सरकारी संस्था) रेटिंग, नर्सरीची फी, गुन्हेगारी असे मार्क दिलेत, पण रोज एक नवीनच भाग वर येतो. मित्राच्या ओळखीच्या घरमालकाचं घर इथूनच बुक करून टाकावं का, तो सहा महिन्यांचं भाडं ॲडव्हान्स मागतोय, असं ते विचारतात. पत्नीबद्दल पत्रात एकच वाक्य आहे: "मिसेस सध्या हायस्कूलला गणित शिकवते, तिकडं गेल्यावर घर सांभाळेल."

उत्तर:

तुमचं पत्र वाचलं, शीटही बघितली. मनापासून केलेलं काम आहे आणि घरच्यांची काळजी प्रत्येक कॉलममध्ये दिसते, पण त्या शीटमध्ये मला एक कॉलम कुठंच सापडला नाही. तुम्ही तीन दिवस कॅनरी वॉर्फला असणार, मुलं शाळेत असणार, मग मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्या भागात कोण असणार? तुमच्या मिसेस. रस्ते, दुकानं, बस, लायब्ररी, डॉक्टर, शाळेचं गेट या सगळ्याशी रोजचा संबंध त्यांचा येणार, तुमचा नाही. आणि कोणता भाग आवडला, काय नको, काय हवं, याबद्दल त्यांचं एकही मत पत्रात नाही.

हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाहीये. बाहेरगावी जायचं ठरलं की बहुतेक घरांत असंच होतं, ज्याची नोकरी तो भाग ठरवतो आणि बाकीचे सामान बांधतात. आम्ही काही वर्षं हॅरोजवळ केंटनला राहून मग नाशकात परत आलो, त्या काळात मी कितीतरी घरं बघितली जिथं नवऱ्याचा प्रवास पंधरा मिनिटांनी वाचला होता आणि बायको मात्र पहिला हिवाळा चार भिंतीत काढून खचली होती. म्हणून शीट बंद करा आणि आज रात्री जेवणं झाल्यावर मिसेसना विचारा की तिकडं तुला तुझा दिवस कसा हवाय. विचारून गप्प बसा, लगेच शीट उघडू नका.

आता "घर सांभाळेल" याबद्दल. तुमचा व्हिसा स्किल्ड वर्करचा असेल तर डिपेंडंट म्हणून जाणाऱ्या जोडीदाराला तिकडं नोकरी करता येते, आणि गणिताच्या शिक्षकांची इंग्लंडला कायमच चणचण असते. क्यूटीएस म्हणजे तिथली शिक्षक म्हणून मान्यता, त्यासाठी भारतात शिकलेल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांना थेट अर्ज करता येतो. पदवी, शिक्षक प्रशिक्षण, इंग्रजी अशा अटी आहेत त्या सरकारी वेबसाइटवर नीट वाचा, आणि मिसेसची सगळी सर्टिफिकेटं, अनुभवाचं पत्र, बीएडच्या मार्कलिस्ट इथूनच गोळा करून न्या, तिकडं बसून युनिव्हर्सिटीकडून कागद मागवणं फार जिवावर येतं. कदाचित त्यांना पहिलं वर्ष खरंच घरी राहायचं असेल, तेही चांगलंच आहे. पण ते त्यांनी ठरवलेलं असू दे. आणि पुढं नोकरी करायची शक्यता असेल तर भाग असा हवा जिथं बसने जाता येईल अशा अंतरावर चार-पाच हायस्कूलं आहेत, गाडीशिवाय अडत नाही.

दुसरी गोष्ट जास्त तातडीची आहे, कारण तिला तारीख आहे. तुम्ही गृहीत धरलंय की मुलगी पाचवीत आहे म्हणजे मोठ्या शाळेचा विचार करायला वेळ आहे. तसं नाहीये. इंग्लंडमध्ये वर्ग ३१ ऑगस्टच्या वयावर ठरतो आणि तोपर्यंत १० पूर्ण झालेलं मूल सप्टेंबरमध्ये इयर सिक्सला बसतं, म्हणजे प्रायमरीच्या शेवटच्या वर्गात. पुढच्या सप्टेंबरला ती सेकंडरीत जाणार आणि त्याचा अर्ज याच ३१ ऑक्टोबरपर्यंत करायचा असतो, ज्या काउन्सिलमध्ये, म्हणजे स्थानिक पालिकेत राहता तिच्याकडे. लंडनच्या बरोमध्ये, म्हणजे तिथल्या पालिका विभागांत, सहा शाळांची पसंती देता येते, निकाल १ मार्चला लागतो. बहुतेक सरकारी शाळांत जागेपेक्षा अर्ज जास्त आले की घरापासूनचं अंतर मोजतात, आणि सर्व्हिस अपार्टमेंटचा पत्ता त्यासाठी साधारणपणे धरत नाहीत. म्हणजे तुमच्याकडे ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतच वेळ आहे, त्यात भाड्याचं घर करारासकट हातात हवं.

याच हिशोबाने स्लावचा मुद्दा मागे पडतो. ग्रामर स्कूलची इलेव्हन प्लस परीक्षा सप्टेंबरच्या आसपास असते, पण तिची नोंदणी त्याआधी उन्हाळ्यातच बंद होते, आणि तिकडची मुलं त्यासाठी वर्ष-दोन वर्षं तयारी करतात. तुमची लेक ऑगस्टमध्ये विमानातून उतरून, नवी शाळा, नवं इंग्रजी, नवी थंडी, त्यात व्हर्बल रीझनिंगची परीक्षा? काही शाळा नव्याने राहायला आलेल्यांची टेस्ट उशिरा घेतात, फोन करून विचारायला हरकत नाही. पण केवळ त्यासाठी स्लावला जाऊ नका. ग्रामरचा दरवाजा पुढं इयर ट्वेल्व्हला, म्हणजे आपल्या अकरावीला, परत उघडतो, तेव्हा बाहेरची बरीच मुलं घेतात. आणि लंडनच्या साध्या सरकारी शाळांचे निकाल देशाच्या सरासरीपेक्षा चांगले आहेत, ग्रामर नाही म्हणजे मुलीचं नुकसान असं मनात आणू नका. धाकट्यासाठी मात्र तुम्ही उगाच टेन्शन घेतलंय आणि नर्सरीची फी प्रत्येक भागात जोडलीय, तो कॉलम पुसून टाका. ४ पूर्ण झालेला मुलगा सप्टेंबरपासून रिसेप्शनला, म्हणजे तिथल्या शाळेच्या सगळ्यात पहिल्या वर्गात बसू शकतो, सरकारी शाळेत फुकट. व्हिसावर "नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स", म्हणजे सरकारी भत्ते मिळणार नाहीत, असं लिहिलेलं बघून घाबरू नका, सरकारी शाळा त्यात येत नाही.

ऑफस्टेडच्या कॉलमबद्दल पण सांगते. तुम्ही "आउटस्टँडिंग" असलेल्या शाळांना पूर्ण मार्क दिलेत. शाळेला असा एका शब्दाचा शेरा देणं सप्टेंबर २०२४ पासून बंद झालंय, आणि २०१२ ते २०२० या काळात आउटस्टँडिंग शाळांना नेहमीच्या तपासणीतून सूट होती, त्यामुळे काही शाळांचा तो शेरा फारच जुना असू शकतो. खरा प्रश्न वेगळाच आहे, इयर सिक्स आणि रिसेप्शन दोन्ही वर्गांत आत्ता जागा कुठल्या शाळेत आहे? वर्षाच्या मध्ये किंवा उशिरा येणाऱ्यांना जिथं जागा असेल तिथं मिळते. काउन्सिलच्या ॲडमिशन टीमला इथूनच ईमेल करा, दोन्ही वर्गांच्या रिकाम्या जागा विचारा. दोघं एकाच शाळेत बसतील असा भाग मिळत असेल तर त्याला शीटमध्ये सगळ्यात जास्त मार्क द्या. नाहीतर काय होतं ते सांगते. दोन्ही शाळा पावणेनऊच्या सुमाराला उघडतात, सव्वातीन-साडेतीनला सुटतात, आणि मिसेस रोज एका गेटवरून दुसऱ्या गेटला पळतात, पावसात, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात चार वर्षांच्या पोराचा हात. तुम्ही तेव्हा कॅनरी वॉर्फला मीटिंगमध्ये असणार.

बरं, त्या गेटला कमी समजू नका. माझ्या तिथल्या सगळ्या मैत्रिणी शाळेच्या गेटवरच झाल्या. तीन वाजता बाया येऊन थांबायच्या, कुणी प्रॅम घेऊन, कुणी कामाचे कपडे घालूनच, आधी फक्त हवेवर बोलणं, मग स्पेलिंग टेस्ट कधी आहे, मग डॉक्टर कुठला चांगला, मग एखाद्या दिवशी बस चुकली तर माझ्या मुलाला पाच मिनिटं बघ. परदेशात आधार म्हणतात तो मला असा मिळाला. म्हणून शाळा चालत जाण्याच्या अंतरावर हवी, हा माझा हट्ट आहे असं समजा.

आता तुमचे तीन सल्लागार. तुमचा आतेभाऊ म्हणतो भारतीय वस्तीत राहिलं तर मुलं मिसळत नाहीत. हॅरो, केंटन, किंग्जबरी इकडं भारतीय खूप आहेत हे खरं, पण ती काही नाशिकची कॉलनी नाही. तिथं पूर्व आफ्रिकेतून आलेले गुजराती आहेत, १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकलल्यावर आलेले आणि त्याच सुमाराला केनियातून आलेले, श्रीलंकेचे तमिळ आहेत, रोमानियाचे, पोलंडचे, सोमालियाचे लोक आहेत. वर्गात किती घरभाषा निघतील सांगता येत नाही. तुमची लेक तिथं मराठीच बोलत बसेल ही भीती सोडा, उलट मराठी टिकवायला तुम्हालाच कष्ट पडतील. आणि तुमच्या मित्राचं "सगळं आपलं" पण अर्धंच खरं आहे. मेथीची जुडी, शेंगदाणे, पोह्याचे तीन प्रकार, मंदिर, हे सगळं मिळतं, पण शेजारची गुजराती काकू तिथं पन्नास वर्षांपासून राहतेय, ती आपोआप तुमची होत नाही, ओळख करून घ्यावी लागते. मराठी माणसं हवी असतील तर लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, डॉलिस हिल भागात त्यांची स्वतःची वास्तू आहे, गणपतीला जा, तुम्ही पोचल्यावर लगेचच गणपती येतील.

सर्बिटन छानच आहे, शांत, वॉटर्लूची फास्ट ट्रेन आहे, तिथून मेट्रोची ज्युबिली लाइन पकडून कॅनरी वॉर्फ. पण २००० पौंडात तिथं तुम्हाला स्टेशनपासून लांब किंवा लहान जागा घ्यावी लागेल असा माझा अंदाज आहे, आणि पहिल्याच वर्षी, नोकरी सोडून आलेल्या, कुणालाच न ओळखणाऱ्या बाईला मी तिकडं पाठवणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हवं तर जा. तेव्हा तुम्हीच बघा, गरजा बदललेल्या असतील.

नाशकात आपण एरिया निवडतो. गंगापूर रोड का पाथर्डी फाटा, घर कुठंही असलं तरी ॲक्टिव्हा काढली की निघालो. लंडनला आधी लाइन निवडायची आणि मग त्या लाइनवरचं स्टेशन. कॅनरी वॉर्फला ज्युबिली, एलिझाबेथ आणि डीएलआर (छोटी लाइट रेल्वे) या तीन लाइन येतात. ज्युबिलीच्या उत्तर-पश्चिम टोकाला किंग्जबरी, क्वीन्सबरी, कॅनन्स पार्क, स्टॅनमोर, इथून गाडी न बदलता साधारण चाळीस ते पन्नास मिनिटं, चालणं धरून तासभर, आणि सुरुवातीच्या स्टेशनांमुळे सकाळी बसायला जागा मिळते. पहिली दोन झोन ४ मध्ये, पुढची दोन झोन ५ मध्ये, त्याने तिकिटात फरक पडतो. हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपॉलिटन लाइनने येऊन फिंचली रोडला त्याच प्लॅटफॉर्मच्या पलीकडच्या बाजूला ज्युबिली मिळते, जिने चढायला लागत नाहीत. दुसऱ्या बाजूला एलिझाबेथ लाइनवर वुलिच आणि ॲबी वूड आहेत, तिथून कॅनरी वॉर्फ दहा-बारा मिनिटांच्या आत. हे दोन भाग कुणाच्याच यादीत नव्हते, तुमच्याही नाही. प्रवास वाचेल, भाडंही साधारण बजेटात बसेल, पण तुमचा एकमेव ओळखीचा मित्र शहराच्या दुसऱ्या टोकाला राहील.

माझं मत विचाराल तर किंग्जबरी ते कॅनन्स पार्क हा पट्टा आधी बघा, वुलिच त्यानंतर. तीन दिवसांचा तासभराचा प्रवास तुम्ही सोसू शकता. आपल्याकडे पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबई अप-डाऊन करणारे लोक आयुष्य काढतात. मिसेसना पायी शाळा, पायी भाजी, आणि अडीअडचणीला मित्राचं घर जवळ, हे पहिल्या वर्षी जास्त मोलाचं आहे. शाळेच्या जागा वुलिचला दोघांना एकत्र मिळाल्या आणि इकडं नाही, तर मात्र वुलिच घ्या, मी मत बदलेन.

इथूनच घर बुक करण्याचा प्रश्न. नको. घरमालक मित्राच्या ओळखीचा असला तरी नको. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये भाड्याचा नवा कायदा लागू आहे, त्यात एका महिन्यापेक्षा जास्त भाडं आगाऊ मागता येत नाही, म्हणजे सहा महिन्यांची मागणीच चुकीची आहे. ठरावीक मुदतीचे करारही गेलेत, भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो. डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं, घर धरून ठेवायला एक आठवड्याचं, आणि डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवून तुम्हाला तसं कळवावं लागतं. घर न बघता पैसे मागणारा, मी सध्या परदेशात आहे किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणणारा, अशांची गाठ पडेलच, त्यांना एक रुपया पाठवू नका. एजंट बहुतेक वेळा वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या ३० पट आहे का बघतात, म्हणजे २००० च्या घराला ६०,००० पौंड. तुमचा पगार पत्रात नाहीये, कमी असेल तर बजेट आत्ताच खाली आणा. कंपनीकडून पगाराचं पत्र आणि व्हिसाचा शेअर कोड, म्हणजे घरमालकाला तुमचा व्हिसा ऑनलाइन तपासता येईल असा कोड, तयार ठेवा. काउन्सिल टॅक्स भाडेकरूने भरायचा असतो, तो २००० पौंड भाड्याव्यतिरिक्त वेगळा धरा. बरोप्रमाणे फरक पडतो, हॅरो आणि सर्बिटन ज्यात येतं ते किंग्स्टन, दोन्ही लंडनमधल्या महागांपैकी आहेत.

तुम्ही एकटे आधी जाऊन घर लावावं का सगळ्यांनी एकदम जावं, हेही विचारलंय. एकदम जा. एका खोलीत महिनाभर चौघं म्हणजे चिडचिड होईल, पण ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते, पार्क आहेत, अंधार उशिरा पडतो, आणि घर मिसेसनी डोळ्यांनी बघितलेलं असेल.

घर बघायला गेलात की ऑगस्टच्या उन्हावर जाऊ नका. कपाट पुढं ओढून त्यामागची भिंत बघा, खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात आणि बाथरूमच्या सिलिकॉनच्या पट्टीवर काळे ठिपके आहेत का बघा, एकाच भिंतीला नवा रंग दिलेला दिसला तर का दिला ते विचारा. ती ओल आहे, थंडीत खिडक्या बंद झाल्या की वाढते आणि लहान मुलं खोकत बसतात. ईपीसी म्हणजे घराचं ऊर्जा रेटिंग, ते ए ते जी असतं, भाड्याच्या घराला किमान ई लागतं, तुम्ही सी बघा, गॅसच्या बिलात फरक कळेल. स्टेशन ते घर हा रस्ता मिसेसनी एकदा दुपारी आणि एकदा रात्री आठनंतर चालून बघावा. डिसेंबरात तिकडं सूर्य दुपारी चारच्या आत मावळतो, शाळेतून घरी येईपर्यंत अंधारून यायला लागतं, तेव्हा रस्त्यावर दुकानं उघडी आहेत, माणसं आहेत, दिवे आहेत, याने बाईमाणसाला किती हायसं वाटतं ते तुम्हाला शीटमधून नाही कळणार.

आणि आईंचं. तिकडची जुनी घरं दोन मजली, खाली हॉल-किचन, वर झोपायच्या खोल्या, संडास बऱ्याचदा फक्त वरच, आणि जिना अरुंद, उभा, वर कार्पेट घातलेला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून सहा वेळा तो जिना म्हणजे शिक्षा. एकतर खाली टॉयलेट असलेलं घर घ्या नाहीतर तळमजल्याचा किंवा लिफ्टचा फ्लॅट. एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट किंवा रॅम्पची सोय आहे, ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या मेट्रोच्या सगळ्या स्टेशनांवर नाही, आईंना फिरवताना आधी बघून घ्या. व्हिजिटर व्हिसावर त्यांना एका वेळी सहा महिने राहता येतं, पण हॉस्पिटलचा खर्च व्हिजिटरना भरावा लागतो आणि तो नेहमीच्या दराच्या दीडपट लावतात, त्यामुळे गुडघ्याचा त्रास लपवून स्वस्तातला इन्शुरन्स काढू नका, आधीचा आजार कव्हर होतो का ते लेखी घ्या. त्यांचं तिकीट एप्रिलचं काढा. तोपर्यंत लेकीच्या सेकंडरीचा निकाल आलेला असेल, दिवस मोठा झालेला असेल, आणि नातवंडांना शाळेत सोडायला आईंनाही मिसेसबरोबर चालत जाता येईल.